मी टीबीसाठी दुआ मागितली होती

स्वतःहून आजार मागणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी तो आहे. मे महिन्यात सलग तीन रात्री, इशाची नमाज झाल्यावर हात पसरून मी एकच मागणं मागत होतो: या अल्लाह, टीबी निघू दे. घरात कुणाला बोललो नव्हतो. पत्नी शेजारी बसून तस्बीह फिरवत होती. तिला वाटत असणार, मी बरं होण्याची दुआ मागतोय.

मानेतल्या गाठीत सुई टाकून डॉक्टरांनी थोड्या पेशी काढल्या होत्या आणि तपासायला पाठवल्या होत्या. दोनच शक्यता आहेत, असं ते म्हणाले. एक टीबी. दुसरीचं नाव त्यांनी घेतलं नाही. "नाहीतर मग दुसरं काही," एवढंच म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. त्या 'दुसरं काही'ला मी इतका घाबरलो की टीबी मला जवळचा नातेवाईक वाटायला लागला.

सुरुवात रमजानमध्ये झाली होती, म्हणूनच ती कळली नाही. रोजे मार्चात आले. दिवसभर उपाशी राहिलेला माणूस थकतोच, वजनही उतरतं. रात्री घामानं बनियन, उशी, चादर सगळं भिजायचं. सहरीला उठल्यावर आधी कपडे बदलावे लागायचे. मिरजेचा उन्हाळा, त्यात आमचा पंखा जुना. कारणं हाताशी होती, मी ती वापरली. ईदच्या दिवशी नवा शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला तेव्हा मेहुणा म्हणाला, "यंदा रोजे चांगलेच लागले तुम्हाला." मला चक्क अभिमान वाटला. सत्तर किलोचा मी बासष्टवर आलो होतो.

गाठ सापडली ती वजू करताना. मानेवरून हात फिरवताना बोटं डाव्या बाजूला, खांद्याच्या जरा वर अडखळली. सुपारीएवढं काहीतरी होतं. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, अशी मी स्वतःची समजूत काढली. अम्मी म्हणाली, अवधाण असेल, दाढ दाखवून ये. दाढ दाखवली. दातांच्या डॉक्टरांनी ती भरून दिली. ती दाढ आजही उत्तम आहे.

सुईचा रिपोर्ट आला, त्यात टीबीकडे बोट दाखवणारं काहीतरी होतं. टीबीच समजू, औषधं सुरू करू, असं ठरलं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून शुक्र अदा केला आणि घरी येताना अर्धा किलो पेढे घेतले. टीबी झाला म्हणून पेढे वाटणारं घर अख्ख्या मिरजेत आमचं एकच असेल. शेजारच्या काकूंनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "काय गोड बातमी, सर?" मी म्हटलं, "निदान झालं."

यातली गंमत तेव्हा कळली नव्हती. माझी एक फुफी टीबीनं गेली. तिचं ताट वेगळं, पेला वेगळा, खाट मागच्या पडवीत. घरात 'टीबी' हा शब्द कुणी उच्चारत नसे. 'बारीक ताप' म्हणायचे. तिच्या मुलींची लग्नं होईपर्यंत तो बारीक तापच राहिला. म्हणजे दोन पिढ्यांपूर्वी टीबी हाच तो 'दुसरं काही' होता. त्यावर औषध आलं, लोक बरे होताना दिसू लागले, तशी ती जागा रिकामी झाली आणि तिथं कॅन्सर येऊन बसला. सुसान सोंटॅग या अमेरिकन लेखिकेनं १९७८ सालीच टीबी आणि कॅन्सर या दोन आजारांभोवती माणसांनी विणलेल्या कल्पनांवर एक पुस्तक लिहिलं. ती स्वतः कॅन्सरच्या उपचारातून गेली होती. मी ते नंतर वाचलं. फुफीच्या पडवीची गोष्ट कुणी न्यूयॉर्कमध्ये बसून लिहिली असावी असं वाटलं.

तीन महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. ताप जात नव्हता, घाम थांबत नव्हता, काखेत दुसरी गाठ आली. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण पाव रुग्ण एकट्या भारतात आहेत, त्यामुळे मानेत गाठ दिसल्यावर आपल्या डॉक्टरांना आधी टीबी आठवणं हे अगदी साहजिक आहे. पण लिम्फोमा असा सुईनं काढलेल्या थोड्या पेशींवरून बऱ्याचदा ओळखू येत नाही. अख्खी गाठ काढून तपासावी लागते. हे मला तीन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. पहिल्या डॉक्टरांवर माझा राग आहे का? आहे. त्यांच्या जागी मी असतो तर वेगळं काही केलं असतं का? बहुधा नाही. या दोन्ही गोष्टी माझ्यात एकाच वेळी राहतात, आणि त्यांचं आपसात भांडणही होत नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट मोबाइलवर आला. मी नववीच्या वर्गावर होतो. तास चालू असताना मोबाइल बघायचा नाही हा नियम मीच मुलांना लावलेला. मी तो मोडला. पहिल्या पानावर नाव, वय, गाठीची लांबीरुंदी. दुसऱ्या पानावर सीडी १५ पॉझिटिव्ह, सीडी ३० पॉझिटिव्ह, आणि शेवटी ठळक अक्षरात 'क्लासिकल हॉजकिन लिम्फोमा'. खरं सांगतो, 'क्लासिकल' वाचून मला पहिल्यांदा शास्त्रीय संगीत आठवलं. हा मिरजेच्या माणसाचा दोष आहे. अब्दुल करीम खाँ प्लेगनं आजारी असताना इथल्या दर्ग्यात गायले आणि बरे झाले, ही आख्यायिका आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पुढं माझ्या आजाराची बातमी फुटल्यावर ही गोष्ट मला निदान पाच जणांनी पुन्हा सांगितली. अडचण एवढीच की मला गाता येत नाही.

रिपोर्ट वाचून पायाखालची जमीन वगैरे सरकली नाही. मी मोबाइल खिशात ठेवला आणि राहिलेला धडा शिकवला. शेवटच्या बाकावरचा मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता, त्याला दोन शब्द सुनावले. फळ्यावर तारीख चुकली होती, ती दुरुस्त केली. इतका शांत मी कधीच नव्हतो. संध्याकाळी मोटारसायकल दोन किकमध्ये सुरू झाली नाही, तेव्हा मात्र मी भर रस्त्यात तिला लाथ मारली आणि ओरडलो. लोक बघायला लागले. रात्री झोपल्यावर पाय थरथरायला लागले आणि थांबेनात. डोक्यात येत होतं ते फार मोठं काही नव्हतं. मुलगी चौथीत आहे. घराचे हप्ते अजून अकरा वर्षांचे आहेत. मयताला गुसल देणारे आमच्या मोहल्ल्यातले चाचा आता थकलेत, मग मला गुसल कोण देणार?

आणि एक गोष्ट जी मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या रात्री दुआसाठी हात उचलले आणि मला काहीच मागता येईना. मागच्या वेळी मागितलं होतं. ते मिळालंही होतं, तीन महिन्यांपुरतं. आता कोणत्या तोंडानं काय मागू? हात तसेच धरून बसलो आणि मग खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी थोरल्या भाईंना घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेलो. भाई माझ्याआधी आत शिरले. मी दार ढकललं तेव्हा ते डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावत होते आणि बोट ओठांवर होतं. रिपोर्ट माझ्याच मोबाइलवर आला होता, माझ्याच मोबाइलवरून मी तो भाईंना पाठवला होता, तरी भाई तो माझ्यापासून लपवत होते. मला हसू आलं. नंतर बराच वेळ त्या बोटाचा विचार करत राहिलो. त्यात नुसती माया होती. पण त्या क्षणी मला कळलं की मी आता खोलीतला असा माणूस झालोय, ज्याच्याविषयी बोलायचं, ज्याच्याशी नाही.

डॉक्टर शहाणे होते. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि माझ्याशी बोलायला लागले. शरीरभर रक्तवाहिन्यांसारखंच लसिकेचं एक जाळं असतं, त्यावर ठिकठिकाणी ग्रंथी असतात, त्यातल्या पांढऱ्या पेशी बिघडल्या की लिम्फोमा होतो. पेट स्कॅननंतर त्यांनी कागदावर 'थ्री बी' लिहिलं. तीन म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या वरही गाठी आहेत आणि खालीही. बी म्हणजे ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन. ईदच्या दिवशी मला ज्याचा अभिमान वाटला होता, त्याला कागदावर एक अक्षर होतं.

'तिसरी स्टेज' ऐकून भाईंचा चेहरा उतरला. आपल्याकडे तिसरी म्हणजे संपलं, चौथी म्हणजे कफन. लिम्फोमात ते गणित तसंच लागू होत नाही, तिसऱ्या-चौथ्या स्टेजचे रुग्णही बरे होतात, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मग ते वाक्य आलं, जे हॉजकिनच्या प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला येत असावं: "कॅन्सर व्हायचाच असेल तर हा त्यातल्या त्यात चांगला. तुम्ही नशीबवान आहात."

हे वाक्य खोटं नाही. या आजारातून बहुतेक लोक बरे होतात. पण ते ऐकल्यावर घाबरण्याचा माझा हक्कच गेला. नशीबवान माणसानं घाबरायचं कसं? डे केअरमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर विशीतला एक मुलगा असतो. त्याचा आजार माझ्यापेक्षा वाईट आहे. त्याच्याकडे बघितलं की मला माझ्या भीतीची लाज वाटते आणि भीती तशीच राहते. लाजेनं भीती कमी होत नाही, एवढं मला आता कळलंय.

मग भेटायला येणारे सुरू झाले. आपल्या समाजात आजाऱ्याला भेटायला जाणं हा सवाब आहे आणि लोक तो मनापासून कमावतात. कुणी जमजमचं पाणी आणलं, कुणी मदिन्याचे खजूर. शेजारच्या काकूंनी अंबाबाईला नवस बोलला आणि मला सांगितला नाही, पत्नीला सांगितला. ("सरांना चालेल ना?" सरांना चाललं.) विद्यार्थ्यांचे निरोप आले: सर, लढा. सर, झुंज द्या. पोरांचं प्रेम आहे, पण झुंज म्हणजे नेमकं मी काय करतोय ते त्यांनी येऊन बघावं. मी खाटेवर पडून असतो, हातात सुई असते, बाटलीतून औषध टिपटिपतं. झुंजत असेल तर ते औषध झुंजतंय. आणि जे वाचत नाहीत ते काय कमी लढले म्हणून गेले?

पण सगळ्यात जास्त कानावर आला तो शब्द 'सब्र'. सब्र करो. सब्र करो भाई. एका नातेवाइकांनी तर सांगितलं की आजारानं गुन्हे धुतले जातात, म्हणजे ही तर अल्लाहची मेहरबानीच. माझी मुलगी तिथं बसून ऐकत होती. रात्री तिनं आईला विचारलं, "अब्बूंनी काय गुन्हा केला?"

इथं मला थोडं भांडायचं आहे, आणि ते आपल्याच लोकांशी. सब्र या शब्दाचा आपण 'गप्प बस' असा अर्थ करून ठेवलाय. हजरत याकूब मुलाच्या विरहात इतके रडले की डोळे पांढरे झाले, आणि ज्या सूरह यूसुफमध्ये हे येतं त्याच सूरहमध्ये त्यांच्या सब्राला सुंदर म्हटलं आहे. रडणं आणि सब्र एकाच माणसात, एकाच ठिकाणी. हजरत अय्यूब यांचं नाव आजाऱ्याला सांगणाऱ्यांनी हेही सांगावं की मला त्रासानं घेरलंय असं त्यांनीच आपल्या रबला पुकारून सांगितलं होतं. सहीह बुखारीत आजारी माणसांवर एक स्वतंत्र भाग आहे. त्यात एक प्रकरणच या गोष्टीवर आहे की रुग्णानं 'मला दुखतंय', 'माझं डोकं फुटतंय' असं म्हटलं तर चालतं. तिथं हजरत आयेशा डोकं दुखतं म्हणून कण्हतात आणि प्रेषित (स.) त्यांना सब्राचा धडा देत नाहीत, उलट माझंच डोकं जास्त दुखतंय असं म्हणतात. एका घरातल्या दोन माणसांची ही साधी दुखण्याखुपण्याची बोलणी आहेत. ती जपून ठेवण्याजोगी आहेत असं इमाम बुखारींना वाटलं. आपल्याला ऐकण्याजोगीही का वाटत नाहीत?

गुन्हे झडण्याची गोष्टही त्याच भागात आहे, झाडाची पानं झडावीत तशी. मी ती नाकारत नाही. केमोच्या तिसऱ्या रात्री हाडं ठणकत असताना ती मला स्वतःला आठवली आणि बरं वाटलं. पण ती मला माझी मी आठवणं वेगळं, आणि चहाचा कप हातात घेऊन दुसऱ्यानं मला ती ऐकवणं वेगळं.

या गप्प बसण्याची किंमत नुसती मनाला मोजावी लागत नाही. उपचार सुरू होण्याआधीच्या जुम्म्याला इमामसाहेबांनी 'मोहल्ल्यातल्या एका बीमार भाईसाठी' दुआ केली. नमाजनंतर मी त्यांना जाऊन म्हटलं, पुढच्या वेळी नाव घ्या, माझंही आणि आजाराचंही. ते जरा थबकले, मग हो म्हणाले. पुढच्या जुम्म्याला लाउडस्पीकरवरून माझं नाव आणि 'कॅन्सर' हा शब्द मशिदीबाहेरपर्यंत गेला. भाई आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. पण त्या आठवड्यात माझ्याकडे तीन फोन आले. त्यातला एक एका बाईंचा होता. त्यांच्या छातीत आठ महिन्यांपासून गाठ होती आणि त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, कारण मुलीला स्थळं येत होती. 'आईला कॅन्सर' कळलं तर स्थळ मागं जाईल. आठ महिने त्या रोज रोट्या भाजत होत्या, पाहुण्यांपुढे ट्रे ठेवत होत्या. त्या आता तपासणीला गेल्या आहेत. पुढचं मला माहीत नाही. माझी फुफी आणि त्या बाई यांच्यामध्ये साठ वर्षं गेली, पण कारण तेच, मुलींची लग्नं.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, म्हणजे मी फार मोठा सत्यवादी आहे असं कुणाला वाटायला नको. भाईंच्या ओठांवरच्या बोटाला हसलेल्या मीच अम्मीला काही सांगितलं नव्हतं. तिचं वय झालंय, बीपी आहे, सहन होणार नाही. सगळी कारणं पाठ होती. मशिदीतला लाउडस्पीकर तिच्या कानापर्यंत पोचला नसेल, असं आम्ही सगळ्यांनी मिळून गृहीत धरलं. घरात आम्ही 'इन्फेक्शन' म्हणत होतो. 'बारीक ताप'च तो, फक्त इंग्रजी.

दुसऱ्या डोसच्या आदल्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. हातात माझ्या उशीचा अभ्रा होता. म्हणाली, "चार महिने से येच धो रही मैं. पहले पसीना, अब बालां." मग थोडं थांबून, "पेट में नौ महिने रखी मैं, और मेरे कूच मालूम नई?" तिला लाउडस्पीकरच्याही आधीपासून माहीत होतं. आम्ही सांगत नाही म्हणून ती विचारत नव्हती. आम्हाला त्रास नको म्हणून ती पहाटे मोरीत नळ सोडून रडत होती. आणि मी गच्चीवर जाऊन रडत होतो. एकाच घरात, एकाच कारणासाठी, दहा पावलांच्या अंतरावर. त्या दिवशी आम्ही दोघं पलंगावर बसून एकदाचे मनसोक्त रडलो. तिचं बीपी वाढलं नाही. मोजलं मी.

रात्री झोप येत नाही तेव्हा मी ज्याच्या नावाचा आजार मला झाला त्याच्याविषयी वाचत बसतो. थॉमस हॉजकिन हा लंडनचा डॉक्टर. १८३२ साली त्यानं सात रुग्णांच्या सुजलेल्या ग्रंथींचं वर्णन केलं. मृत्यूनंतर शरीर उघडून काय दिसलं, याचं ते वर्णन होतं. त्याचं नाव या आजाराला १८६५ मध्ये सॅम्युएल विल्क्स या दुसऱ्या डॉक्टरानं दिलं, आणि पुढच्याच वर्षी हॉजकिन जाफा शहरात, प्रवासात असताना वारला. तिथंच त्याची कबर आहे. मला त्या सात जणांची आठवण येते. त्यांची गाठ कुणाच्या बोटाला पहिल्यांदा लागली असेल? त्यांनी आपल्या आयांपासून ती लपवली असेल का? त्यांच्यासाठी औषध नव्हतं. माझ्यासाठी चार आहेत, दर पंधरा दिवसांनी शिरेतून.

त्यातलं एक लालभडक आहे. ते घेतलं की लघवी लाल होते, म्हणजे केशरीवरून माझी बढती झाली. एक औषध उजेडानं खराब होतं म्हणून त्याची बाटली झाकून ठेवतात, ते चढताना शिरेत आग होते. आणि तिसरं, व्हिनब्लास्टिन, हे आपल्या सदाफुलीपासून मिळतं. १९५८ च्या सुमारास कॅनडातल्या रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या दोघांनी ते सदाफुलीच्या पानांतून वेगळं काढलं. ते मधुमेहावर औषध सापडतंय का हे बघत होते. आमच्या अंगणात सदाफुली आहे. कब्रस्तानात तर कुणी न लावता उगवते. हे मी अम्मीला सांगितलं आणि चूक केली, कारण दुसऱ्या दिवशी तिनं पानांचा रस काढून वाटीत आणून ठेवला. डॉक्टरांनी सक्त मनाई केली. औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजून देतात, वाटीत नाही. तुमच्यापैकी कुणी व्हॉट्सअॅपवरचं वाचून असा रस पीत असेल तर कृपा करून थांबवा.

दाढी गेली, भुवया विरळ झाल्या. वीस वर्षांची दाढी होती. आरशातला माणूस अब्बांच्या तरुणपणीच्या फोटोसारखा दिसतो. पांढऱ्या पेशी कमी असतात त्या आठवड्यात गर्दीत जायचं नाही, म्हणून जुम्मा चुकतो. सगळ्यात जास्त चुकतं ते नमाजनंतरचं मुसाफहा. हात हातात घेण्याची इतकी आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं. लोक आता दारातून सलाम करतात. त्यातले काही संसर्गाच्या सूचनेमुळे लांब उभे राहतात आणि काही कॅन्सर लागतो असं वाटून. कोण कशामुळे ते मला ओळखता येतं. दोघांनाही व अलैकुम अस्सलाम म्हणतो.

भेटायला येणाऱ्यांनी काय बोलावं, असं मला काही जण विचारतात. माझ्याकडे यादी नाही. शाळेतले एक जुने सहकारी आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "घाबरलाय का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मीही असतो तर घाबरलो असतो." मग आम्ही पगाराच्या थकबाकीवर अर्धा तास बोललो. सहा महिन्यांतला तो माझा सगळ्यात चांगला अर्धा तास होता.

चार डोस झालेत. गुरुवारी पेट स्कॅन आहे. औषध काम करतंय की नाही ते त्यात कळेल, आणि पुढचं सगळं त्यावर ठरेल. सहा तास उपाशी राहायचं आहे, त्याची सवय आहे. स्कॅननंतर काही तास लहान मुलांपासून दूर राहायचं, म्हणून मुलगी त्या दिवशी मामाकडे. यावेळी काय मागायचं ते अजून माझं ठरलेलं नाही. हात आता पुन्हा उचलतो मी, पण बराच वेळ नुसते धरून ठेवतो. अम्मीनं तिचं ठरवलंय. काय ते विचारलं तर सांगत नाही.